पाटाएवढी शेतं

शेतावरच्या बायकांना संख्याशास्त्र शिकवायला फळा-खडू लागत नाही, एक खणखणीत वाक्य पुरतं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. सांगत असे! आता विचारू नका!

जव्हारजवळच्या भात संशोधन केंद्रात मी, हेमराज, कंत्राटी सहायक. मोठे वाफे मोडून मी पाटाएवढे वाफे पाडले, प्रत्येकात भाताचा वेगळा वाण. जागा निम्मी, मजुरी निम्मी, निकाल मात्र तितकाच पक्का, हे माझं मॉडेल आकड्यांनी सिद्ध करणार होतं. झालं तर मी कायम, नाही तर घरी!

कापणीला साखरशेतच्या रामीची टोळी आली. मी बजावलं, "एकेक वाफा म्हणजे वेगळं शेत समजा! याचं भात त्यात जाता कामा नये!"

"हां सायेब!"

वाफ्यागणिक एकसारख्या पिशवीत भात भरून वजनं घेतली आणि मला घाम फुटला. चांगल्यातल्या चांगल्या वाणाचं भात निम्म्यावर! मी राखणदार सुकऱ्यावर धावून गेलो. "चोरी झाली तेव्हा झोपला होतास काय रे?"

"चोरी कशाची? ता बघा उभाच हाय!"

प्रत्येक वाफ्याच्या कोपऱ्यात मूठभर भात डुलत होतं.

"हे काय, रामी?"

"कणसरी देवीचा वाटा. शेत कापलं की ठेवावाच लागतो."

"प्रत्येक वाफ्यात?"

"तुम्हीच त सांगलं, एकेक वाफा वेगळं शेत!"

अहो, एकरभर शेतात मूठभर भात कुणाला कळतं? पाटावर तो दरोडा होतो, दरोडा!

"कापा ते आधी!"

"देवीचं? तुम्हीच कापा." तिनं विळा पुढे केला. मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे. पण नेमकी तेव्हाच माझी कंबर धरली.

"माझी नोकरी खाल्लीत तुम्ही!" असा शंख करून, हा घोळ डोळ्यांनी दाखवावा म्हणून मी मोठ्या साहेबांना आणायला जव्हारला गेलो.

परततो तो पिशव्या टम्म फुगलेल्या! मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी वजनं केली, आकडे मॉडेलमध्ये भरले आणि चष्मा काढला.

"हेमराज, हे म्हणतंय सगळे वाण सारखेच! मग इतकी वर्षं नवे वाण काढून आम्ही काय दिवे लावले? केंद्रच बंद करू का?"

मी रामीला बाजूला घेतलं. "पिशव्यांत काय केलंत?"

"तुमची नोकरी जाईल म्हणून सगळ्यांनी घरचं भात आणून ओतलं. काठोकाठ!"

माझा चेहरा बघून बाईचा जीव कळवळला.

"का सायेब, कमी पडलं? आजून आणू?"