मध्ये कुणी नको

कंपनीला ध्येयवाक्य हवं होतं आणि ते लिहायचं काम तिथे नोकरीला असलेल्या एका घरजावयाच्या गळ्यात पडलं होतं. कंपनीचा बेत असा, की नळ दुरुस्त करणारा आणि करवून घेणारा, शिकवणी घेणारा आणि लावणारा, यांची गाठ इंटरनेटवर थेट पडावी. मध्ये दलाल नाही, मालक नाही, नियम सगळ्यांनी मिळून सांभाळायचे. पण हे लिहायला बसलं की 'विकेंद्रित', 'पारदर्शक', 'सक्षमीकरण' असे शब्द यायचे आणि वाक्य भरपेट जेवल्यासारखं आडवं व्हायचं. शेवटी त्याने ते सगळे हाकलून लिहिलं, 'माणसाने माणसाशी थेट बोलावं, मध्ये कुणी नसावं.'

संचालक बाई खूश झाल्या. "गुंतवणूकदारांसमोर तुम्हीच वाचा. लिहिणाऱ्याच्या तोंडून शोभतं."

बैठकीला तो घरूनच बसला. घर सासऱ्यांचं. त्याचं नाव पुकारलं गेलं आणि नेमका पलीकडच्या खोलीत टीव्ही कडाडला. त्याने घाईघाईने माइक बंद करायला बटण दाबलं. माइक आधीच बंद होता, त्यामुळे तो सुरू झाला.

"अगं, बाबांना आवाज कमी करायला सांग!"

"तूच सांग ना. भिंतीपलीकडे तर आहेत."

"मी? लग्न झाल्यापासून कधी बोललोय का? तू जा."

बायको गेली आणि परत आली. "बाबा म्हणतात, जावईबापूंना सांग, आवाज मुद्दाम वाढवलाय."

"मुद्दाम? मग त्यांना सांग, कान तपासून घ्या!"

"हे मी सांगू?"

"मग कोण सांगणार?"

"तुम्ही दोघं! मी काय निरोप्या आहे? मी चालले बाहेर." दार आपटलं.

जावयाने पडद्याकडे पाहिलं. सगळे चेहरे खाली बघत होते. एका गुंतवणूकदाराने तोंडावर रुमाल धरला होता.

"अहो, तुमचा माइक सुरू आहे," संचालक बाई हळूच म्हणाल्या. "ते वाक्य... राहू दे आज. आम्ही बघतो काय करायचं."

त्याने लॅपटॉप मिटला. मग त्याच्या लक्षात आलं, की 'कान तपासून घ्या' हे भिंतीपलीकडेही गेलं असणार. तो उठून पलीकडच्या खोलीत गेला.

टीव्ही बंद होता. सासरे हात मांडीवर ठेवून बसले होते.

"बाबा, मी ते... चुकलं माझं."

"नाही, नाही." सासरे त्याच्यापेक्षाही ओशाळले. "तुमची महत्त्वाची बोलणी चालतात. भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं. ते माझ्या कानावर पडू नये म्हणून आवाज वाढवला होता."

जावयाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तो खुर्चीच्या काठावर टेकला. बरंच बोलायचं होतं. सासऱ्यांनाही असावं, त्यांनी दोनदा घसा साफ केला. पण सुरुवात कुणी करायची ते ठरेना.

शेवटी दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं.

"ती किती वेळात येईल?" सासऱ्यांनी विचारलं.