आठवी काच

सातवी काच फुटली त्या दिवशी दुकानाच्या मॅनेजरने पार्किंगचे रखवालदार शिट्टीकाका यांना आपल्या खोलीत बोलावले आणि “बसा” म्हटले. अकरा वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत त्यांना कोणी बसा म्हटले नव्हते. काका खुर्चीच्या कडेवर टेकले.

“काका, दोन महिन्यांत सात गाड्या फोडल्या आपल्या पार्किंगमध्ये,” मॅनेजर म्हणाला. “लोक चादरी घ्यायला येतात आणि काच बदलायला जातात.”

“साहेब, तीनशे गाड्या आणि मी एकटा. या टोकाला असलो की त्या टोकाला फुटते.”

“मग दोन्ही टोकांना राहा. हे बघा, मुख्य ऑफिसने आकडाच दिलाय. तक्रारवहीत आठवी काच नोंदली गेली, की रखवालदार बदलायचा. माझ्या हातात काही नाही. तुम्ही आपलं घरी बसा, आराम करा.”

‘आराम करा’ हे त्याने चांगल्या मनाने म्हटले, म्हणून तर जास्त लागले. काकांचे घर दोन खोल्यांचे. बायकोला जाऊन सहा वर्षे झालेली. मुलगी लांबच्या गावी. रविवारी फोन करायची, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढे विचारून ठेवायची. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काकांचे तोंड उघडत नसे. एकदा ते ठिबकणाऱ्या नळाला “अरे, थांब की जरा” म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. पार्किंगमध्ये निदान दिवसाकाठी तीनशे माणसांना “मागे घ्या, मागे घ्या, बस्स” म्हणता यायचे. त्यातली दहा-बारा काच खाली करून “थँक्यू काका” म्हणायची. घरी बसायची त्यांना मरणापेक्षा जास्त भीती वाटत होती, आणि यात फुगवून सांगितलेले काही नाही.

तक्रारवही असायची खिडकीबाईंकडे. दाराजवळच्या खिडकीत बसून या बाई वीस वर्षे लोकांची गाऱ्हाणी लिहून घेत होत्या आणि चेहऱ्यावर तेवढ्याच वर्षांचा कंटाळा होता. मागे काकांच्या सायकलचा दिवा चोरीला गेला तेव्हा काकाही त्या खिडकीशी गेले होते. मॅनेजर तिथेच उभा होता. “वही ग्राहकांसाठी आहे. दुकानात काम करणारा माणूस ग्राहक नसतो, त्याची तक्रार यात लिहायची नाही,” असे त्याने बाईंना बजावले होते. काका तेव्हापासून दिव्याशिवायच घरी जात होते.

तर आता आठवी काच फुटू द्यायची नव्हती. काकांनी दोन दिवस डोके चालवले. चोर काच का फोडतो? आत काहीतरी दिसते म्हणून. मग कोणत्या गाडीत काय दिसते ते आपण चोराच्या आधी पाहावे, लिहून ठेवावे आणि मालक आला की त्याला सांगावे. विचार अगदी बरोबर होता. माणसाचे वाटोळे बहुतेक वेळा बरोबर विचारानेच होते.

काकांनी शंभर पानी वही आणली. दोन्ही तळवे काचेला लावायचे, मध्ये तोंड घालायचे, आत बघायचे आणि लिहायचे. ‘पांढरी गाडी, मागची सीट, पर्स.’ ‘करडी गाडी, पुढे, गॉगल आणि अर्धा केक.’ ‘साहेबांची गाडी, मागची सीट, काळी बॅग. सांगितलं. बघतो म्हणाले.’ ‘निळी गाडी, पुढची सीट, एक म्हातारी. झोपलेली.’

ही म्हातारी झोपलेली नव्हती, नुसती डोळे मिटून सुनेची वाट बघत होती. तिने डोळे उघडले तर काचेला चिकटलेले एक नाक. तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून काका चोर शोधायला पलीकडच्या रांगेत धावले. तोवर म्हातारी खिडकीशी पोचली होती.

काका पाणी प्यायला आत आले तेव्हा खिडकीबाई म्हणाल्या, “काका, पत्ता लागला. गाड्यांत डोकावणारा माणूस आहे. उंच, धिप्पाड, लालबुंद डोळे.”

काका पाच फूट दोन इंच. त्यांच्या डोळ्यांतून थंडीने फक्त पाणी यायचे. “तरीच!” ते म्हणाले. “मला वाटतच होतं कोणीतरी असणार.”

आता तुम्ही म्हणाल, बाईंना तरी कळायला हवे होते. पण दुकानात येताना गणवेश दिसलाच पाहिजे, असा नियम होता. बाहेर वारा हाडात शिरायचा, दुकानाने कोट कधी दिला नाही, म्हणून काका गणवेशावर एक तपकिरी स्वेटर आणि कानटोपी चढवायचे आणि आत येताना दोन्ही पार्किंगच्या केबिनमधल्या खिळ्याला अडकवायचे. स्वेटर बायकोने विणलेला होता, शेवटच्या दुखण्यात, अंथरुणात बसून, लोकर पुरेल की नाही असे रोज म्हणत. दुकानातल्या लोकांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

त्या दिवसापासून काकांनी फेऱ्या दुप्पट केल्या. फेऱ्या दुप्पट म्हणजे डोकावणे दुप्पट, आणि डोकावणे दुप्पट म्हणजे तक्रारी दुप्पट. आठवड्यात डोकावणाऱ्या माणसाच्या अकरा तक्रारी झाल्या. काच मात्र एकही फुटली नाही, पण त्याचे कोणाला कौतुक? कधी न घडलेल्या गोष्टीची नोंद करायला वहीत रकानाच नव्हता.

शेवटी मॅनेजरने कॅमेऱ्याचे चित्रण काढायला लावले. कॅमेरा जुना. चित्र दहा सेकंद उशिरा पडद्यावर यायचे, रंग तर त्याला कळतच नसत. मॅनेजरची काळी पँट त्यात पांढरीफटक दिसायची. पण त्यात तो माणूस सापडला. वरून, पाठमोरा, कानटोपी घातलेला, गाडीवर ओणवा. आणि पाठीवर आडवी, ठसठशीत पांढरी रेघ.

“हीच खूण!” मॅनेजर टेबलावर हात मारून म्हणाला. त्याने लगेच मुख्य ऑफिसला कळवले की संशयिताची ओळख पटली आहे. मग फोटोच्या बारा प्रती काढल्या, खाली ‘या इसमापासून सावध राहा’ असे छापले आणि खांबांवर चिकटवायला काकांकडे दिल्या.

काकांनी चष्मा पुसून फोटो बघितला. स्वतःची पाठ आजवर कोणी पाहिली आहे?

“उभा कसा आहे बघा,” ते म्हणाले. “ढंगच चोराचा.”

“आईबापांनी काही वळणच लावलं नसणार,” खिडकीबाई म्हणाल्या.

“पाठीवरून ओळखेन मी त्याला,” काका म्हणाले, आणि खरोखरच लोकांच्या पाठी बघत फिरू लागले. कोणी दुकानातून निघाला की दहा पावले मागून हे. रेघ नाही असे दिसले की दुसऱ्याच्या मागे. दोन दिवसांत तक्रारवहीत नवी भर पडली: कानटोपीवाला आता लोकांचा पाठलाग करू लागला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, त्यातला कळसाच इथे वळसे घालत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले होते, वारा सुटला होता आणि काका वाऱ्याने सुटलेले फोटो पुन्हा चिकटवत होते. इतक्यात खिशातला फोन वाजला. खिडकीबाई.

“काका, आलाय तो! मी पडद्यावर बघतेय. तीन नंबरच्या खांबाशी!”

“मी तीन नंबरलाच आहे. इथे कोणी नाही.”

“कोणी नाही काय? ढळढळीत दिसतोय. स्वतःच्या फोटोवरून हात फिरवतोय मेला! काय निर्लज्ज माणूस!”

काका गर्रकन वळले. “नाही हो बाई, खरंच कोणी नाही.”

“थांबा, त्याने फोन काढला. कोणाशी तरी बोलतोय.”

“साथीदार असणार!” काकांनी आवाज खाली आणला. “साथीदार जवळपासच असतो. बाई, तुम्ही सांभाळून राहा.”

“अगं बाई! मी दाराला आतून कडी घालते.”

कडी घातल्याचा आवाज आला. काकांनी शिट्टी फुंकली आणि जीव खाऊन धावायला सुरुवात केली.

“पळाला! काका, तो पळाला!”

“कुठे?”

“पाच नंबरकडे!”

“मीपण पाचकडेच पळतोय!”

“मग धरा की त्याला!”

“दिसला तर धरीन ना!”

शिट्टी ऐकून दुकानातली सगळी माणसे बाहेर आली. कॅश काउंटरवरच्या मुली, गोदामातले हमाल, हातात उशा घेतलेले ग्राहक आणि सगळ्यात पुढे मॅनेजर. सगळे पाच नंबरच्या खांबाकडे धावले. तिथे काका गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते. फोन कानालाच होता.

“थांबलाय तो,” बाई सांगत होत्या. “गुडघे धरून उभाय. दमलेला दिसतो. अहो, म्हातारा आहे हो बिचारा.” मग त्यांनी विचारले, “काका, तुम्ही आत्ता कुठे आहात?”

“पाच नंबरला.”

“आणि काय करताय?”

“काय करणार? गुडघे धरून उभा आहे.”

फोनमध्ये खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

“काका, तुमचा उजवा हात जरा वर करा.”

काकांनी हात वर केला. जमलेले तीसेक लोक त्यांच्या वर केलेल्या हाताकडे बघत राहिले. दहा सेकंद गेले.

“बाई, सापडला का?” काकांनी विचारले.

“हो काका,” बाई म्हणाल्या. “करा आता खाली.”

आणि त्याच वेळी पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आता चिटपाखरू नव्हते, खळ्ळकन आवाज झाला.

सगळे पोचले तोवर चोर गेला होता. जमिनीवर काचेचा चुरा पडला होता आणि गाडी होती मॅनेजरची. मागच्या सीटवरची काळी बॅग अर्थातच नव्हती.

मॅनेजरने काकांना आणि खिडकीबाईंना आपल्या खोलीत बोलावले. काका स्वेटर घालूनच आत आले होते, काढायचे त्यांच्या ध्यानात राहिले नव्हते. आपणच तो इसम, हे बाईंनी त्यांना पडद्यावर दाखवले होते. दोन आठवडे आपण आपल्यालाच शोधत होतो आणि त्या नादात आठवी काच गेली. उद्यापासून नळाशी बोलायचे, एवढेच त्यांना समोर दिसत होते.

“चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात,” मॅनेजर ओरडला, “इथे संन्यासीच शिट्टी वाजवत पळत होता! लिहा बाई. आठवी काच. लिहा!”

खिडकीबाईंनी वही उघडली, पेनाचे टोपण काढले आणि परत लावले.

“साहेब, लिहिता येणार नाही.”

“का?”

“गाडी ग्राहकाची नाही. दुकानात काम करणारा माणूस ग्राहक नसतो. काकांच्या दिव्याच्या वेळी तुम्हीच सांगितलंत.”

मॅनेजरने वही आपल्याकडे ओढली. बाई पुढे म्हणाल्या, “आणि लिहिलंच तर मुख्य ऑफिस विचारेल, ओळख पटलेला इसम कोण. काय कळवू? शिवाय काकांच्या वहीत चार वेळा आहे: साहेबांची गाडी, काळी बॅग, सांगितलं, बघतो म्हणाले.”

मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला, त्याच्या कॅमेऱ्यातल्या पँटीसारखा. तो भिंतीला टेकला.

“साहेब, बसा,” काका म्हणाले.

मॅनेजर बसला. बऱ्याच वेळाने त्याने तो फोटो उचलला आणि काकांच्या पाठीशी धरून पाहिला. “पण रेघ कुठे आहे? स्वेटर तर सगळा एकाच रंगाचा दिसतोय.”

काकांनी स्वेटर काढून ट्यूबलाइटखाली धरला. खरेच, तपकिरी तो तपकिरीच. आणि मग त्यांना आठवले. दवाखान्यातून आणल्यावर बायको अंथरुणात बसून म्हणाली होती, “लोकर कमी पडली हो. पाठीत चार ओळी दुसऱ्या लोकरीच्या घातल्यात. कोणाच्या बापाला कळायच्या नाहीत.”

“लोकर कमी पडली होती,” काका म्हणाले. त्यांनी फोटोतल्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवले. “त्या चार ओळी या.” खिडकीबाईंनी, वीस वर्षांत पहिल्यांदाच, काही लिहून न घेता मान हलवली.

वहीत सातच काचा राहिल्या. खांबांवरचे फोटो काढायचा हुकूम निघाला. काकांनी अकरा परत केले आणि बारावा घडी घालून खिशात ठेवला. घरी गेल्यावर त्यांनी तो खुर्चीच्या पाठीला टांगलेल्या स्वेटरला टाचला, समोर बसले आणि म्हणाले, “अगं, कळल्या बरं का.” या वेळी ते स्वतःच्या आवाजाला दचकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी गाडी आली. पुढच्या सीटवरच्या म्हातारीने काच बोटभर खाली केली.

“काय हो, तो डोकावणारा मेला पकडला का?”

“सापडला आजी.”

“मग? पोलिसांत दिला?”

“नाही,” काका म्हणाले. “कामावरच ठेवलाय. हं, मागे घ्या, मागे घ्या, बस्स.”