भिकूतात्यांचा संशय

भिकूतात्या ऊन नसताना आणि पाऊस नसतानाही छत्री उघडतात, आणि ती डोक्यावर न घेता खांद्याशी आडवी धरून चालतात. पोलादपूरच्या बाजारात नवखा माणूस असेल तर थबकून बघतो. आम्हाला सवय आहे. समोरच्या टेकडीवर मोबाइलचा टॉवर आहे आणि छत्री त्याच्याकडे तोंड करून असते.

"तो बघतोय," तात्या सांगतात. "आपण कुठं चाललो, काय घेतलं, सगळं वरती जातं."

वरती म्हणजे कुठे, असं विचारलं की ते आवाज खाली आणतात. "तेच तर सांगत नायत."

तात्यांची वाडी आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. उमेदीची वर्षं मुंबईत एका छापखान्यात काढून ते गावी परतले. पुढे बायको गेली. मुलगा बदलापूरला असतो, गणपतीला येतो, कधी येतही नाही. मी तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे तात्यांच्या लेखी माझं नाव 'सरकार'. आमचा तिसरा भिडू सुधीर महाडला रसायनांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, तो 'कंपनी'. हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर तात्या आले की पहिला प्रश्न असतो, "काय सरकार, आज कंपनी नाय आली?" आजूबाजूची गिऱ्हाइकं आमच्याकडे चमकून बघतात.

सुधीर आला की त्याचा मोबाइल आधी बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत जातो आणि वर झाकण लागतं. मगच चर्चा.

तात्यांचं म्हणणं सरळ आहे. कुणी कुणाचा साहेब नाय. सरकार आणि कंपनी ही जुळी भावंडं, एक हात धरतो, दुसरा खिसा कापतो. मुलाने पाठवलेला टी-शर्ट ते उलटा घालतात, कारण छातीवर कंपनीचं नाव आहे. "पगार देतात काय मला? मग त्यांची पाटी मी का मिरवू?" गावात फुकट रक्ततपासणीचं शिबिर आलं, तेव्हा तात्या दिवसभर रानात जाऊन बसले. ज्या अर्थी फुकट तपासतात, त्या अर्थी आपल्या रक्तात काहीतरी मौल्यवान असणार, हा त्यांचा तर्क. गंमत म्हणजे तो ऐकून मीही त्या शिबिरात गेलो नाही.

"तात्या, सरकार नसेल तर रस्ता कोण करील?" मी विचारायचो.

"तुझा रस्ता दर पावसात खाली जातो. आमच्या वाडीची पाखाडी आज्यानं घातली, गावानं दगड वाहिले. एक पायरी हलली काय बघून ये."

"आणि औषधं?" सुधीर मध्ये पडायचा. "ती काय वाडीत बनवणार?"

"आधी नदी आजारी पाडायची, मग औषध इकायचं. वा रे कंपनी!"

"उद्या दोघांची मारामारी झाली तर पोलीस नकोत?" मी पुढे रेटायचो.

"होऊदे की. चार दिवस बोलणार नायत. मग एकाची म्हैस अडली की दुसरा धावत येणारच."

एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक शेजारी बसून हे सगळं ऐकत होते. ते भारावून म्हणाले, "तात्या, तुमच्या या विचाराला अराज्यवाद म्हणतात. जगात त्यावर मोठे ग्रंथ आहेत."

तात्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ग्रंथ छापतो कोण? कंपनीच ना? आणि वाद नको. वाद आला की मंडळ येतं, मंडळ आलं की अध्यक्ष येतो." प्राध्यापक पुन्हा त्या टपरीवर दिसले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मात्र प्रकरण टपरीपुरतं राहिलं नाही. पाऊस थांबायचं नाव घेईना आणि तात्यांच्या वाडीवरच्या डोंगराला लांबलचक भेग गेली. तलाठी बाई वर जाऊन आल्या. वाडीने खालच्या गावातल्या शाळेत राहायला यावं, असं त्यांनी सांगितलं. लोक गोधड्या, भांडी घेऊन उतरले. तात्या उतरेनात, म्हणून बाईंनी मला जीपमध्ये घालून वर नेलं.

तात्या पडवीत बसले होते. "डोंगर पडत नाय रे सरकार. डोंगर कुणालातरी पायजे हाय. एकदा माणसं खाली गेली की वर सोडायचे नायत. मग इथं हाटेल बांधतील, आणि तुझा सुधीर त्यात मॅनेजर."

"बरं, तुम्ही राहा," मी वैतागून म्हणालो. "निदान सखूवहिनींना तरी धाडा. त्याही शाळेत आल्या नाहीत."

तात्या ताडकन उठले. "वयनी गेली नाय?"

सखूवहिनी म्हणजे शेजारच्या घरातल्या एकट्या म्हाताऱ्या. कानाने कमी, पायाने अधू. आम्ही गेलो तेव्हा त्या चुलीपुढे पाटावर शांत बसल्या होत्या.

"वयनी, गेली का नाय गो?" तात्या ओरडले.

"तुमीच बोललात ना भावजी, यात डाव हाय म्हणून. मग मी कशी जाईन?"

तात्या दारातच उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या शब्दावर कुणी जीव धोक्यात घातला नव्हता. आम्ही हसायचो, वाद घालायचो आणि घरी जायचो. या बाईने मात्र ते खरं मानलं होतं. तात्यांचा चेहरा पार उतरला.

"डाव हाय," ते अडखळत म्हणाले. "पण आजचा नाय."

"म्हंजे सरकार सुधारलं?"

"नाय गो, ते कुठलं सुधारतंय! पण दरडीला ते कुठं कळतं? ती विचारून पडत नाय. ऊठ बघू."

"तुमी येताय?"

तात्यांनी डोंगराकडे पाहिलं, मागे उभ्या तलाठी बाईंकडे पाहिलं. "येतो."

आम्ही दोघांनी वहिनींना खुर्चीत बसवून पाखाडीवरून खाली आणलं. सरकारी जीपमध्ये तात्या असे बसले, की सीटला अंग कमीत कमी लागावं.

शाळेत पहिल्या दिवशी त्यांनी खिचडी बोटाने उकरून तपासली, मग दोनदा घेतली. दुसऱ्या दिवशी भांडी कुणी घासायची यावरून बाया भांडायला लागल्या, तेव्हा तात्या उठले आणि मोठं पातेलं घेऊन नळावर बसले. ते बघून पुरुष एकेक करून उठले. "मी इथला प्रमुख नाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत होते. संध्याकाळी पोरांना जवळ घेऊन त्यांनी मुंबईतल्या गावकीच्या खोलीच्या गोष्टी सांगितल्या. एका खोलीत गावचे सगळे बाप्ये, साहेब कुणी नाही, तरी सकाळी प्रत्येकाला चहा. तलाठी बाईही कोपऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. तात्यांना मी इतकं मोकळेपणी बोलताना आणि हसताना कधी पाहिलं नव्हतं.

पाऊस ओसरण्याआधी दरड आली. वाडी वाचली, पण सखूवहिनींची चूल होती, त्या बाजूची मागची भिंत मातीखाली गेली. ही बातमी ऐकून तात्या वहिनींच्या शेजारी जाऊन बसले.

ऊन पडल्यावर घरी परतायची परवानगी मिळाली. वहिनींची मुलगी दासगावहून येऊन त्यांना घेऊन गेली. बाकीचे हसत-बोलत डोंगर चढले. शाळेत तात्या चटयांच्या घड्या घालत होते. घातलेली घडी उलगडून पुन्हा घालत होते.

"चला, बाईंनी जीप ठेवलीय, सोडतो," मी म्हणालो.

"वयनीला ऐकू येत नाय," ते चटईकडे बघत म्हणाले, "म्हणून सकाळी उठल्या उठल्या पडवीतून बोंबलायचो. चहा झाला काय गो? सगळी वाडी शिव्या घालायची." त्यांनी घडी परत उलगडली. "आता तिथं उठून बोलू कुणाशी?"

मी एक चटई उचलून बाजूला ठेवली.

"शाळा काय आजच्या आज भरत नाय ना?" त्यांनी हळूच विचारलं. "बाईंना विचार की, मी आजचा दिवस इथं राह्यलो तर चालंल काय."

मी फोन लावला. घंटी वाजत होती, आणि भिकूतात्या हातातली चटई छातीशी धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.