कपाट आलं डोक्यावर

गाडी चालवण्याच्या परीक्षेत मी पास होणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती! घरातून निघताना नवऱ्याला ठणकावून सांगितलं, "येताना लायसन्स घेऊनच येते."

तो म्हणाला, "गाडी घेऊन आलीस तरी पुरे."

माणूसच तसला! पण मला पास होणं भागच होतं. आमच्या वाचनालयाने पुस्तकांची फिरती गाडी सुरू करायचं ठरवलं होतं. इतकी वर्षं काउंटरमागे बसून पुस्तकांवर शिक्के मारणारी मी आता गावभर पुस्तकं घेऊन फिरणार होते. अट एकच, लायसन्स!

रस्त्यावर सगळं झकास झालं. मग परीक्षक साहेबांनी कडेला उभ्या दोन गाड्यांमधली मोकळी जागा दाखवली.

"इथे रिव्हर्समध्ये लावा. चूक झाली तर सुधारा. घाई नाही."

पहिल्या प्रयत्नात गाडी फुटपाथपासून इतकी लांब राहिली, की मध्ये एखादी म्हैस आरामात झोपली असती.

"सुधारा," साहेब म्हणाले.

सुधारलं. आता मागचं चाक फुटपाथवर चढलं!

"हं. सुधारा."

मला दरदरून घाम फुटला. कुठलं चाक कुठे वळतंय, काही कळेना. तेवढ्यात उघड्या खिडकीतून एक खणखणीत आवाज आला, "येऊ द्या! मागे येऊ द्या!"

जगात देवमाणसं असतात हो! मी गाडी मागे घेतली.

"डावीकडे! अजून डावीकडे! बिनधास्त येऊ द्या!"

"बाई, कुठे चाललात?" साहेब दचकून म्हणाले.

"सुधारतेय, साहेब!"

"बास! बास! आता सोडा!"

मी तत्काळ ब्रेक सोडला. गाडी हातभर मागे गेली आणि टपावर धप्पकन काहीतरी बसलं. टप खाली आला, साहेबांची मान खांद्यात गेली, आणि मला वाटलं, आकाशच कोसळलं!

बाहेर येऊन बघते तर टपावर भलंमोठं लाकडी कपाट! वरच्या गॅलरीतून दोन हमाल ते दोरीने खाली सोडत होते. माझा देवमाणूस आमच्याकडे पाठ करून, वर बघून त्यांनाच सूचना देत होता. फुटपाथवर उतरायचं कपाट, आणि मी अर्धी गाडी तिथे नेऊन ठेवलेली!

गॅलरीतल्या आजीबाई कडाडल्या, "मी टेम्पो सांगितला होता! ही डबी कोणी पाठवली?"

साहेब वाकूनच बाहेर आले. त्यांच्या कागदावर 'नापास' हा एवढाच शब्द होता, पण तो वाचताना माझ्या डोळ्यांपुढून पुस्तकांची अख्खी गाडी निघून गेली. मला रडूच फुटलं. साहेबांनी खिशातला रुमाल पुढे केला.

"आरसे बघता, वेग छान सांभाळता," ते हळुवारपणे म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुन्हा या. फक्त खिडक्या बंद ठेवा."

मी तोवर थांबायची विनंती करायला वाचनालयात फोन लावला. आमच्या ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "थांबू की! पुस्तकं कुठे पळून चाललीत?" जीव भांड्यात पडला. हमालांनी कपाट उतरवलं, आणि मी चेपलेल्या टपाखाली मान वाकडी करून बसले. साहेब शेजारी होतेच.

तेवढ्यात तोच खणखणीत आवाज आला, "ताई, फ्रिज यायचाय अजून! गाडी जरा मागे घ्या!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी रिव्हर्स टाकलासुद्धा!