खंडोजी सरांचं खुरपं

आमच्या शाळेत इंग्रजीचे दोन मास्तर. एकाच्या हातात खडू, दुसऱ्याच्या हातात खुरपं. खडूवाला मी. पोरं कुणाच्या मागं धावायची, हे सांगायला नको.

खुरपंवाले ते खंडोजीराव. इंग्रजीतल्या हजार क्रियापदांतलं एकच त्यांना लाडकं, 'डिग अप'. वर्षातनं एकदा ते सातवीच्या चाळीस पोरांना शाळेमागच्या मोकळ्या जागेत न्यायचे, कुणाला खुरपं, कुणाला जुना पळा द्यायचे आणि ओरडायचे, "हां, डिग अप माडी!" माडी म्हणजे करा. आम्हा म्हैसूरच्या मराठी माणसांच्या बोलण्यात कन्नड असं मधेच घुसतं आणि मग उतरतच नाही.

पोरं खणायची आणि काय काय निघायचं! पितळी बटण, पट्ट्याचं बक्कल, घोड्याच्या गळ्यातलं घुंगरू. "इथं घोडदळ उतरत होतं रे पूर्वी," खंडोजी सांगायचे. पोरांचे डोळे बशीएवढे व्हायचे. ती वस्तू पोरं कंपासपेटीत वर्षानुवर्षं जपायची. मी शिकवलेलं व्याकरण मात्र परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरायची.

जयलक्ष्मीपुरमच्या रस्त्यावर आम्ही दोघं चाललो, की कॉलेजात जाणारी मुलं सायकलवरनं उतरून त्यांच्या पाया पडायची. माझ्याकडे बघून हसायची. नुसतं हसायची! अहो, यांना पॅसिव्ह व्हॉइस कुणी शिकवला? मीच ना?

बरं, 'डिग अप'चे बाकीचे अर्थ तरी त्यांनी सोडावेत! जमिनीतनं बटाटा काढला तो डिग अप, एखाद्याची माहिती हुडकली तेही डिग अप आणि मिटलेलं जुनं उकरलं तेही डिग अप. हे शेवटचे दोन त्यांनी माझ्यावरच गिरवले. मी शाळेत लागलो, त्या आठवड्यात भर स्टाफरूममध्ये खंडोजी म्हणाले, "विठ्ठल सर, तुमचं घराणं मी डिग अप केलं! तुमचे आजोबा शिंपी. माझे आजोबा महाराजांच्या फौजेत. माझ्या आजोबांच्या कोटाची बटणं तुमच्या आजोबांनी लावली, अल्ला? हो की नाही?"

मास्तरमंडळी हसली. त्यांना गंमत वाटली, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिंप्याचा नातू आणि शिंप्याचाच मुलगा असण्याची मला लाज नाही. वडिलांचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती पितळी टोपी, वडील गेल्यापासून मी खिशात बाळगतो. राग आला की चाचपतो. पण आमची ओळख आम्ही करून द्यावी की नाही? खंडोजींमुळे ते अंगुस्तान झिजून गुळगुळीत झालं.

मग मीही ठरवलं, यांचंही काहीतरी डिग अप करायचं. आणि एके दिवशी डोक्यात उजेड पडला. चाळीस पोरं, चाळीस वस्तू! सहा वर्षांत एकही पोर रिकाम्या हातानं परत आलेलं नाही. शाळेच्याच आवारात नळ टाकायला माणसं बोलावली तेव्हा कमरेएवढ्या चरात दगडांशिवाय काही निघालं नव्हतं. आणि यांचं घोडदळ काय पोरांची हजेरी बघून मुक्कामाला उतरत होतं?

त्या वर्षी धड्याच्या दिवशी मी सकाळी साडेसहालाच शाळेत पोचलो. गृहस्थ सापडलेच. गुडघ्यांवर बसून, जवळ एक पत्र्याची पेटी घेऊन, खंडोजीराव माती उकरत होते, वस्तू ठेवत होते आणि वर पालापाचोळा पसरत होते. चोर! हेडमिस्ट्रेसबाईंना काय सांगायचं, त्याचं वाक्यसुद्धा मी मनात जुळवलं.

"बन्नी, विठ्ठल सर, या," ते मान वर न करता म्हणाले. "एक्केचाळीस हवेत. चाळीसच आहेत."

"म्हणजे?"

"काल नवीन पोरीचं ॲडमिशन झालं. रात्री पेटी उलटी केली, काही नाही. आयतु, संपलं." चेहरा असा पडलेला, की मला माझं वाक्य आठवेना.

"हे सगळं तुमच्या घरचं?"

"आजोबांचं. पणजोबांचं. थोरल्याला म्हटलं, घे बाबा. विजयनगरात घर बांधलंय त्यानं, वीस मिनिटांवर. म्हणतो, अप्पा, शोकेसमध्ये जागा नाही, भंगारात घाला." त्यांनी एक घुंगरू शर्टाला पुसलं आणि खळग्यात ठेवलं. "पहिल्या वर्षी वर्गात हातानंच वाटली होती सर. संध्याकाळी निम्मी बटणं मैदानात पडलेली. मीच वेचली. माणसानं दिलं की पोरांना भंगार वाटतं. मातीतनं स्वतः काढलं की जपतात."

"मग सांगा ना, तुमच्या आजोबांचं आहे म्हणून!"

"सांगितलं की परत माझं होतं," खंडोजी म्हणाले. "त्यांचं राहात नाही."

माझा हात खिशात गेला होता. रागानं नव्हे, सवयीनं. काय झालं कुणास ठाऊक, मी ते अंगुस्तान काढून त्यांच्या पुढ्यात धरलं. खंडोजींनी ते ओळखलं. घेईनात.

"सुम्ने, उगाच असं नको सर. वडिलांचं आहे."

"तुमचं काय बाजारातनं आणलेलं आहे?" मी खेकसलो. "कुठं पुरू सांगा." आणि धोतराचा काचा आवरून मी त्यांच्या शेजारी मातीत बसलो.

दुपारी तास सुरू झाला. मी माझ्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा होतो, पण कान खिडकीबाहेर. "डिग अप माडी!" झालं, किंकाळ्या झाल्या. मग ओळखीचं पितळ घेऊन ती नवी पोर, दोन आखूड वेण्या उडवत, खंडोजींकडे धावत गेली. अर्थातच खंडोजींकडे! माझ्या बापाचं अंगुस्तान आणि पाया त्यांच्या पडणार. इतकी जळजळ मला आयुष्यात झाली नव्हती.

खंडोजींनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मला नाही कळत बाई! त्या खिडकीतल्या सरांना विचार. त्यांना सगळं ठाऊक असतं."

ती धावत आली. माझ्याकडे! चिखलानं माखलेला तळवा खिडकीच्या गजांतनं आत आला. "सर, हे काय आहे?"

"अंगुस्तान," मी म्हणालो. "शिंपी बोटात घालतो. बघ, किती वापरलंय. चांगला कारागीर असणार."

"कोण होता सर तो?"

माझा बाप, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. "कुणास ठाऊक," म्हणालो. "तुला सापडलंय ना, आता तुझंच. हरवू नकोस."

तिनं मूठ घट्ट मिटली आणि पळाली. पलीकडे खंडोजी खुरपं पुसत माझ्याकडे बघत उभे होते. दर वर्षी चाळीस पोरं, सहा वर्षं, इतक्यांदा त्यांनी हे गिळलं होतं. एकदाच गिळलं तर माझा घसा दुखत होता.