बिराजदार सर आणि बिनहुकमी खातं

बिराजदार सर लोकांच्या चपलांत हात घालतात. पायातल्या नव्हे, दाराबाहेर काढून ठेवलेल्या. लग्न असो की सत्यनारायण, सगळी माणसं आत मांडवात आणि हे बाहेर उकिडवे बसून एकेक चप्पल उचलणार, झटकणार, मग आत बोटं घालून टाचेपासून अंगठ्यापर्यंत चाचपणार. माझ्या नणंदेच्या लग्नात नवरदेवाच्या मामांनी त्यांना असंच पकडलं आणि "चोर, चोर!" म्हणून बोंब ठोकली. तर सरांनी मामांच्याच बुटातून निघालेला खिळा त्यांच्या नाकासमोर धरला.

"एवढा खिळा टोचतोय अन् तुम्हाला खबर न्हाय? शुगर तपासली का कधी?"

अहो, वरपक्षाचे मामा ते! रुसून बसले, पंगतीला येईनात. त्यांच्या हातापाया पडता पडता आमच्या ह्यांना दरदरून घाम फुटला. तर सर म्हणतात कसे, "पुसू नको, येऊ दे. घामाचं खातं तुझ्या हुकमात न्हाय."

मला असा संताप आला होता की सांगता सोय नाही.

लोहाऱ्यात आमची आणि सरांची भिंतीला भिंत. हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, पण फळा काही डोक्यातून उतरला नाही. महादेवीकाकू, म्हणजे सरांची बायको, चार वर्षांपूर्वी गेल्या. पायाची जखम चिघळली, सोलापूरला नेलं, पाय काढला, तरी वाचल्या नाहीत, एवढंच आम्हाला ठाऊक. सर त्याबद्दल कधी बोलले नाहीत आणि विचारायची आमची छाती झाली नाही.

बाकी बोलतात मात्र भरपूर! सरांच्या मते शरीरात दोन खाती असतात. एक हुकमी. हात उचल म्हटलं की हात उचलतो. दुसरं बिनहुकमी. काळीज, आतडी, घाम, लाळ, अश्रू, डोळ्याची बाहुली, सगळं त्या खात्यात. तिथं तुमचं कुणी ऐकत नाही. ह्या खात्यात दोन कारकून. एक पळव्या, एक निजव्या. संकट दिसलं की पळव्या कामाला लागतो. काळीज धाडधाड, तोंड कोरडं, पोटाचं काम बंद. संकट टळलं की निजव्या येतो आणि सगळं सावकाश करून पोटाची चक्की सुरू करतो.

ग्रामसभेत आमचे हे पहिल्यांदा बोलायला उभे राहिले आणि त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. लोक खिदळायला लागले. सर मागून गरजले, "हसता काय? पळव्यानं लाळेचा नळ बंद केलाय! पाणी द्या त्याला." तेवढं बरं केलं म्हणायचं. पण तेव्हापासून हे दुपारी जेवले की ताटावरूनच आडवे होतात आणि मी बोलले की म्हणतात, "माझ्या हातात न्हाय गं, निजव्या कामाला लागलाय." घ्या! ताटं कुणाच्या खात्यात? माझ्या.

सरांचा खरा राग मात्र दोन बोलांवर. "घाबरू नको" आणि "रडू नको". मागच्या आळीत एक म्हातारबुवा वारले. भेटायला आलेल्या कुणीतरी त्यांच्या बायकोला "रडू नका" म्हटलं, तर सर तिथंच उसळले. "तिला हुकूम सोडणारे तुम्ही कोण? ते खातं तिचंच ऐकत न्हाय, तुमचं ऐकंल व्हय?" मयताच्या घरी! मी आमच्या ह्यांना शर्टाला धरून ओढत बाहेर आणलं, नाहीतर हेही "बरोबर हाय" म्हणाले असते.

तर असे हे सर गेल्या नवरात्रात आमच्याच ओट्यावर येऊन कडाडले.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांना बारा वर्षांची शुगर. पण नवरात्राचे नऊ दिवस पायात चप्पल घालायची नाही म्हणजे नाही, नवसच आहे तसा. आमच्याकडं घरटी एक तरी अनवाणी असतंच. तिसऱ्या माळेला भर दुपारी त्या बायकांबरोबर देवळातून आल्या. ऊन असलं की डांबर मऊ झालेलं. बाकीच्या बायका हाय-हुय करत सावली शोधत होत्या आणि आत्याबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या.

"ह्या पोरी नुसत्या उड्या मारत आल्या. मला तर आईच्या कृपेनं काईच जाणवलं न्हाय. फुलावरनं चालल्यागत वाटलं बघा."

झालं. बायका पाया पडायला लागल्या. कशाला खोटं बोलू, मीही पडले. तेवढ्यात भिंतीपलीकडून सर आले ते ओरडतच.

"कृपा? कृपा म्हणता ह्याला? वैनी, नसा मेल्यात तुमच्या पायाच्या!"

मी ताडकन उठले. "सर, सणासुदीचं काय मेलं-बिलं बोलता? म्हातारं माणूस श्रद्धेनं चालतंय ते बघवत न्हाय तुम्हाला? पुन्हा आमच्या ओट्यावर पाय ठेवू नका!"

सर आल्या पावली परत गेले. मला वाटलं, बरी जिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर आत्याबाई ओट्यावर बसलेल्या आणि समोर सर हजर. ओट्यावर नाही, खाली रस्त्यावर, चक्क मातीत मांडी घालून. हातात खराट्याची काडी.

"ओट्यावर पाय न्हाय ठेवला, सुनबाई. वैनी, तुमचा पाय तेवढा इकडं करा. डोळ्यावर पदर घ्या. टोचलं की व्हय म्हणायचं."

येणारेजाणारे बघायला लागले. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आत्याबाईंना म्हाताऱ्या माणसाची दया आली. त्यांनी पदर ओढून पाय खाली सोडला.

सरांनी नडगीला काडी लावली. "व्हय," आत्याबाई म्हणाल्या. घोट्याच्या वर लावली. "व्हय." अंगठ्याला लावली. काही नाही. जरा दाबली. काही नाही. गप्पपणा फार लांबला हे आत्याबाईंच्या लक्षात आलं असावं.

"व्हय व्हय," त्या घाईनं म्हणाल्या.

सरांनी काडी उचलली आणि नुसतीच हवेत धरली.

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "आता तर लई टोचलं."

मला हसूच येणार होतं. पण सरांचं तोंड बघितलं आणि हसू जागच्या जागी जिरलं. त्यांनी हळूच आत्याबाईंचा पाय उलटा केला. तळव्याला रुपयाएवढा फोड फुटलेला, आत खडीचा कण रुतलेला. कधीचा, कुणास ठाऊक. आत्याबाई त्याच पायानं सकाळी सडा घालून आल्या होत्या.

"अंगठ्याची नस कमरेकडनं येती," सर खाली बघत म्हणाले. आवाज अगदी बारीक. "अंगातली सगळ्यात लांब. शुगर आधी तिलाच खाती. तळव्याचा घाम बी जातो, कातडं भेगाळतं." मग म्हणाले, "महादेवी बी असंच करायची. मी काडी लावायच्या आधीच व्हय म्हणायची. मला बरं वाटावं म्हणून. मला कळत व्हतं, वैनी. तरी मी मान हलवायचो."

आत्याबाईंनी पदर बाजूला केला.

"भर उन्हाळ्यात तापल्या पत्र्यावर अनवाणी कुरडया घालायची ती. अन् मी शाळेत कौतुकानं सांगायचो, आमच्या हिचे पाय पोलादाचे हायत म्हणून. सांगायचो अन् वर्गात जाऊन फळ्यावर नसांची आकृती काढायचो. मग एक दिवस चपलेत खिळा निघाला. दिवसभर तीच घालून हिंडली व्हती."

काल ह्याच माणसाला मी दारातून हाकललं होतं. माझीच मला लाज वाटली.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," सर म्हणाले. "अन् चप्पल घालून."

"पण नवस हाय वो सर," आत्याबाई कळवळून म्हणाल्या. "आईला काय सांगू?"

"सांगा, बिराजदारानं मोडायला लावला. काय कोपायचं ते त्याच्यावर कोप म्हणा. त्याला सवय हाय."

आत्याबाईंनी देवळाच्या दिशेनं हात जोडले. मग मला म्हणाल्या, "आण गं चपला."

मी धावत जाऊन आणल्या. सरांनी त्या माझ्या हातातून घेतल्या, झटकल्या, आत बोटं घातली. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ते पुसतही नव्हते. आत्याबाईंना राहवलं नाही.

"सर, रडू नका वो."

मी एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली.

"त्यांना हुकूम सोडू नका, आत्याबाई! ते खातं त्यांच्या हुकमात न्हाय!"

सरांनी वर बघितलं नाही. पहिली चप्पल चाचपून आत्याबाईंच्या पायात घातली आणि दुसरी उचलली.