पत्र्यावरची बायको

स्टेडियमभोवतीच्या नियोजित बागेचं भलंमोठं चित्र पत्र्याच्या कुंपणावर लागलं आणि मोठ्या साहेबांनी बागवाल्याला बोलावून घेतलं. बागवाला म्हणजे माळी नव्हे. कुठे झाड, कुठे पायवाट, कुठे बाक हे कागदावर आखणारा माणूस. ऑफिसात सगळे त्याला याच नावाने हाक मारत.

“ही बाई कोण?” साहेबांनी विचारलं.

“कुठली, साहेब?”

“कुठली काय? झाडाखाली तीच, पायवाटेवर तीच, नळापाशी तीच. मी अकरा मोजल्या. चाळीस हजार माणसांचं स्टेडियम आणि बागेत एकटी बाई?”

ती बागवाल्याची बायको होती. चित्रात माणूस नसेल तर झाड केवढं ते कळत नाही, म्हणून कुणीतरी उभं करावं लागतं. दोन वर्षांपूर्वी बायकोची बदली दूरच्या गावी झाली, तेव्हापासून तो तिचेच जुने फोटो कापून चित्रात लावी. पाच फूट दोन इंच, हे एकच माप त्याला टेपशिवाय पाठ होतं. फोनवर “जेवलात का?” “जेवलो” यापुढे गाडी सरकत नसे. तुझ्यावाचून घर खायला उठतं, हे वाक्य जिभेपर्यंत यायचं आणि तिथेच बसकण मारायचं. मग दुसऱ्या दिवशी तो तिला एखाद्या डेरेदार झाडाखाली बसवी. कागदावर ती बोटाएवढी, कुणाच्या डोळ्यांत भरत नसे. पत्र्यावर मात्र ती खरीखुरी पाच फूट दोन इंच झाली होती.

“हिला काढा,” साहेब म्हणाले. “नाहीतर सोबत तरी द्या. किती एकटी दिसतेय.”

काढायला त्याचा हात धजेना. त्याने नकाशे करणाऱ्या पोरीला सांगितलं, “प्रत्येक ठिकाणी तिच्याशेजारी एक माणूस लाव.” पोरगी कामाची चोख. एकाच बाईवरून साहेबांची बोलणी खावी लागली, निदान पुरुष तरी वेगवेगळे हवेत, असा विचार करून तिने अकरा जागी अकरा देखणे पुरुष चिकटवले. एकाने तर तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. दोन दिवसांत नवं चित्र चढलं, आणि बागवाला ते बघायला जाण्याआधीच त्याच्या मेहुणीची बस तिथून गेली. मेहुणीने फोटो काढून तिथल्या तिथे बहिणीला पाठवले.

“अहो, हे काय चाललंय?” बायकोचा फोन आला. “अकरा ठिकाणी मी आणि शेजारी अकरा बाप्ये. अख्खी टीम उभी केलीत. यात तुम्ही कुठे आहात?”

“मी... चित्र काढत होतो.”

मग ती म्हणाली, “रविवारी येते.”

रविवारी त्याने तिला कुंपणाच्या आत नेलं. आत मातीचे ढीग, खड्डे आणि चुन्याच्या रेघा.

“माझं झाड कुठंय?”

त्याने खड्डा दाखवला.

“आणि बाक?”

त्याने चुन्याने आखलेला चौकोन दाखवला. ती सरळ त्या चौकोनात मातीवर बसली. “बसा की.”

“मावणार नाही. लोक आडवे होतात, म्हणून सगळे बाक एकेकट्याचे केलेत.”

तिने चुन्याच्या रेघेवर बोट ठेवलं. “दोन वर्षं माझी आठवण काढलीत आणि बाक एकट्याचा काढलात?”

त्याने बुटाने एका बाजूची रेघ पुसली, चुन्याचं घमेलं आणलं आणि नवी रेघ दोन हात पलीकडे ओढली. मग तो तिच्याशेजारी बसला. बसकण मारलेलं वाक्य अखेर उठलं. “परत ये. तुझ्यावाचून घर खायला उठतं.”

तिने डोळे पुसले. “बाक व्हायला किती दिवस लागतील?”

“चार महिने.”

“बदलीच्या अर्जालाही तेवढेच लागतात. मी गेल्याच महिन्यात केलाय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही ‘जेवलो’ म्हणून फोन ठेवायचात.”

बाहेर पडताना ती चित्रासमोर थांबली. एकेक गडी तिने निरखून पाहिला.

“हे सगळे काढा,” ती म्हणाली. “छत्रीवाला राहिला तरी चालेल.”